नावेला जुंपलेलं इंजिन

आमच्या मावसाजींइतका निवांत माणूस आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नसेल. घर औंढ्याकडच्या धरणाच्या काठाला, शेत चांगलं काळंभोर, पण सगळा जीव पाण्यात. ऐन खुरपणीत हा गृहस्थ बांधावर बसून लाटा बघायचा. कुणी हटकलंच तर "थांब, वारं बघून राहिलो," म्हणायचा आणि पुन्हा बघत बसायचा. नव्वदच्या दशकाच्या सरत्या वर्षांत त्यांनी एका भोयाकडून जुनी नाव घेतली आणि खळ्यावरच्या ताडपत्रीचं शीड शिवलं. मावशीचं माहेर याच पाण्याखाली गेलं होतं. त्या जागेवर तिला एकदा नेऊन आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण ते शीड फक्त जाण्याच्या कामाचं. वारं नेऊन सोडायचं आणि पडायचं. मग मावसाजी नाव दोरीनं ओढत, काठाकाठानं चालत, दुसऱ्या दिवशी न्याहारीला हजर. मावशीनं साफ सांगितलं, "येते मी. पण दिवे लागायच्या आत घरी आणत असाल तर! न्हाईतर तुमचं वारं तुमालाच लखलाभ."

म्हणून इंजिन. कुण्या ट्रकवाल्याच्या ओळखीनं समुद्राकडची दोन जुनी इंजिनं कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर उतरली, आणि मावसाजी मला घेऊन निवड करायला निघाले. त्यांना जन्मात बैलाखेरीज दुसरं काही पारखता आलं नव्हतं. ते दोन्ही इंजिनांभोवती फिरले, पाठीवर थाप मारली, पंख्याची पाती बोटांनी दातांसारखी तपासली आणि गंभीरपणे विचारलं, "मारकं तर न्हाई ना?" धाकटं इंजिन नावेच्या बेताचं होतं. पण आपल्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवर आणि नावेवर त्याहून कमी, हे त्यांना शोभेना. थोरलंच आणलं. मावशी दारातून म्हणाली, "एकलंच? जोडी न्हाई मिळाली?"

बसवायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, इंजिन मागे लावतात. मावसाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बापू, बैल कधी गाडीच्या मागं जुंपतेत का?" त्यांनी नावेच्या नाकावर सागाची फळी ठोकली, तिला इंजिन आवळलं आणि नारळ फोडला. दोरी ओढली मात्र, नाव शेपटाकडून उलटी पळत सुटली आणि आम्हा दोघांसकट बाभळीच्या झुडपात शिरली. अंगातले काटे काढत मावसाजी शांतपणे म्हणाले, "नवं जनावर हाय. बुजलं."

दोन दिवस ते नावेकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी इंजिन मागे लावलं. "हे वढणारं न्हाई, ढकलणारं हाय," एवढाच खुलासा. ते धूड मागे बसल्यावर नावेचं नाक आभाळाकडे गेलं, तेव्हा वजनाला म्हणून मला पुढे बसवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून झाल्यावर उरलेली वाटी घेऊन ते नावेकडे गेले आणि इंजिनाच्या पकडीलाही चोळून आले. मावशीनं कपाळाला हात लावला.

पण उन्हं कलल्यावर ती हिरवं लुगडं नेसून नावेत, पुढे माझ्याजवळ, बसली. मधोमध पोचल्यावर मावसाजींनी समोरच्या टेकडीचा अंदाज घेऊन इंजिन बंद केलं. नाव तशीच तरंगत राहिली. पाणी इतकं स्थिर, की बोलायला नको वाटावं. "हितं तुमचं अंगण," ते म्हणाले. मावशीनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ तिनं तो बाहेर काढला नाही. दिवे लागायच्या आत घरी आणायची तिची अट मावसाजींना पाळायची होती. पलीकडे काठावर पहिला दिवा दिसला तसा त्यांनी घाईनं दोरीला हात घातला. मावशीनंही दिवा पाहिला होता.

"काहून घाई करून राहिले?" ती म्हणाली. "आता हाय ना इंजिन. बसा की जरा."

मावसाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. नाव कुजली, बैलही विकले. इंजिन तेवढं गोठ्यात, बैलांच्या दावणीशी टेकून उभं आहे. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. मावशी त्याच्यापुढे बसली होती आणि तिच्या हातात लोणी-हळदीची वाटी होती. तिनं वर न पाहताच मला दुसऱ्या बाजूनं चोळायला सांगितलं.