रताळ्याच्या वाफ्यातला मामा

घरामागच्या चार हात जागेत सासूबाईंनी रताळ्याचे वेल लावले होते. महाशिवरात्रीला घरचीच रताळी उकडायची, हा त्यांचा हट्ट. पण घूस लागली. वर वेल हिरवेगार, माती उकरावी तर रताळं अर्धं कुरतडलेलं. आणि आमच्या घरात तिचं नाव काढायची सोय नाही! 'मामा' म्हणायचं, तेही हळू. पिंजरा लावा, औषध ठेवा, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मामा ऐकतो म्हणे, मग फिरकत नाही.

त्या दिवशी हे सातपूरला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले. पोळ्यांना उभी राहिले तर भिजवलेल्या कणकेचा लचका तोडलेला. नवल वाटलं, सोडून दिलं. मग केराच्या डब्यात उंदराच्या औषधाची फाडलेली पुडी दिसली. म्हणजे यांनी कणकेच्या गोळ्या करून वाफ्यात ठेवल्या आणि मला, बायकोला, एका शब्दानं सांगितलं नाही!

सासूबाईंना हल्ली भान राहत नाही. हाताला येईल ते तोंडात टाकतात. परवा साबणाची वडी चावली होती. मी तशीच मागे धावले. त्या वाफ्यात बसलेल्या, हात मातीनं भरलेले, तोंड हलतंय.

"आई, काय खाताय? थुंका आधी!"

त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी बोट घालून काढलं. पांढरट चोथा. रताळ्याचा की कणकेचा, कळेना. वेलाखाली चाचपलं, एकही गोळी नाही. यांना फोन लावावा तर कंपनीत मोबाईल गेटवरच जमा.

"आई, पाया पडते, बोला! गोळ्या खाल्ल्यात?"

त्यांनी चहूकडे पाहिलं, मला जवळ ओढलं आणि पदराची गाठ सोडली. आत मातीनं माखलेल्या गोळ्या.

"चिमण्या खातील गं, म्हणून उचलल्या," त्या कानात कुजबुजल्या. "बोलू नकोस, मामा ऐकतो."

पण सगळ्या होत्या का? ते यांनाच ठाऊक. रिक्षा करून दवाखाना गाठला. पाळी सुटल्यावर हे धावत आले, गोळ्या मोजल्या आणि तिथेसुद्धा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सगळ्या आहेत." मी भर दवाखान्यात हुंदके देऊन रडले.

महाशिवरात्रीला रताळी बाजारातून आणली. आता घरात औषध आलं की मी मागच्या दारात उभी राहून मोठ्यांदा सांगते. मामाला ऐकू गेलं तर जाऊ दे, आईंना ऐकू गेलं पाहिजे.