रक्ताच्या वड्या

श्योउझीचा राग हुइआन गावातल्या त्या गल्लीला नवा नव्हता. ती लांबून येताना दिसली की बायका आपल्या बादल्या मुकाट्याने बाजूला घ्यायच्या. पण त्या शरदातल्या सकाळी ती लिन वैद्यांकडून बाहेर पडली तेव्हाचा राग निराळा होता. तो कुणावर काढावा हेच तिला कळेना, आणि राग काढायला माणूस सापडू नये याच्याइतकी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही.

हुआंग मालकाच्या दगडकामाच्या कारखान्यात ती स्वयंपाक करायची. देवळांचे सिंह, ड्रॅगन कोरलेले खांब, थडग्यांचे दगड, सगळं तिथे घडायचं. दगड कापायच्या यंत्राचं गरगरतं पातं ग्रॅनाइटला लागलं की पांढऱ्या धुळीचा असा लोट उठायचा की शेजारचा माणूस दिसू नये. आणि दुपारी त्याच माणसांपुढे श्योउझी डुकराच्या रक्ताच्या वड्यांचं सूप ठेवायची. मिठाच्या पाण्यात गोठवलेलं रक्त, त्याच्या चौकोनी वड्या, वर आलं, कांद्याची पात आणि पांढरी मिरी. हे रक्त छातीतली धूळ धुऊन काढतं, असं तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तिच्या आईने तिच्या वडिलांना तेच घातलं, तिने नवऱ्याला घातलं. कुणी वाटीत उरवलं तर ती पळी उगारायची. "गिळ मुकाट्याने! छातीत डोंगर साठवायचाय का?"

तिचा नवरा तियानफू याने कधीच काही उरवलं नाही. उभी हयात पातं धरलं आणि उभी हयात वाट्या रिचवल्या. आता तो पाठीला रजया लावून बसल्या बसल्या झोपायचा. रताळ्याची पेज खातानाही त्याला धाप लागायची. त्याची जागा कारखान्यात रिकामी ठेवायला मालक काही वेडा नव्हता. तिथे आता श्योउझी-तियानफूचा घरजावई झीयुआन उभा राहत होता. लेक पोटुशी होती.

त्या दिवशी ती वैद्यांकडे औषध वाढवून मागायला गेली होती.

"त्याला खायला काय देतेस?" वैद्यांनी विचारलं.

"खडीसाखरेत शिजवलेली नासपती. लिलीचे कंद. पांढरी अळंबी. आणि रोज रक्ताच्या वड्या. त्यात मी खंड पडू दिलेला नाही हो!"

"वड्या कशाला?"

"कशाला म्हणजे? धूळ धुवायला!"

वैद्यांनी चष्मा काढला. "अगं, फुप्फुस म्हणजे सगळ्या अवयवांवर धरलेली छत्री. आमच्या शास्त्रात त्याच्याइतकं नाजूक दुसरं काही नाही. नुसती कोरडी हवा लागली तरी कुरकुरतं. म्हणून या दिवसांत नासपती द्यायची. घशाला ओलावा मिळतो, कफ सुटतो, माणूस दोन घटका झोपतो. पण दगडाची पूड एकदा आत बसली की ती माझ्या काढ्याने निघत नाही आणि मोठ्या इस्पितळातही कुणाला काढता येत नाही. आणि वड्या जातात पोटात. तिथून छातीकडे रस्ता कुठाय?"

"मग सगळे सांगतात ते?"

"ऐकायला बरं वाटतं म्हणून सांगतात. धूळ उठूच द्यायची नाही. पात्यावर पाणी सोडायचं. हे औषध माझ्याकडे नाही, तुझ्या मालकाकडे आहे."

आणि पाणी होतं की तिथे! चांगला लांबलचक पाइप होता. गिऱ्हाईक यायचं असलं की त्याने सिंहांना आंघोळ घालायचे. सिंहांना!

ती तडक मालकाच्या खोलीत शिरली. हुआंग इवल्याशा पेल्यांत चहा ओतत होता. "या वहिनी, बसा. चहा घ्या."

"चहा राहू द्या. पात्यांवर पाणी सोडा."

"पाण्याने आखलेली रेघ पुसते, वहिनी. काम रेंगाळतं. मी सोडीन, पण तुमच्या पोरांनाच नको असतं. विचारा त्यांना. आणि मी काय कमी करतो? रोज रक्ताचं सूप देणारा मालक दाखवा मला आसपास!"

तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली. खोटं बोलला असता तर तिने त्याचा चहा उधळला असता. पण पोरांबद्दल तो खरं बोलत होता. रात्री जेवताना जावईही तेच म्हणाला. "आई, ओल्या दगडावर रेघ दिसत नाही. सिंहाचा डोळा तिरळा झाला तर? आणि तुमचं सूप आहे की!"

तुमचं सूप आहे की. तिचा घास तोंडातच राहिला. तिच्या सुपाच्या जिवावर हा पोरगा त्या धुळीत शिरत होता.

दुसऱ्या दिवशी तिने भात शिजवला, पालेभाजी परतली आणि हात धुऊन दारात उभी राहिली.

"वहिनी, वड्या?" म्हाताऱ्या गुओने विचारलं. तियानफूच्या बरोबरीचा कारागीर तो.

"केल्या नाहीत. करणारही नाही. रक्त पोटात जातं आणि दगड छातीत. इतकी वर्षं मी तुम्हाला उल्लू बनवलं आणि स्वतःलाही."

माणसं हसली. मग हसू आटलं. जेवणं झाली तरी कुणी उठेना.

"वड्यांशिवाय पातं कसं धरायचं?" गुओ म्हणाला. "छाती भरेल ना!"

 रोज नाकातोंडात जाणाऱ्या धुळीला यांतला एकही भ्याला नव्हता. एका दिवसाच्या सुपाला मुकले तर गर्भगळीत झाले होते. श्योउझीला एकेकाच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. पण यंत्रांची पातीही बंदच होती, हे तिच्या लक्षात आलं. "भीती वाटते ना? मग तो पाइप ओढा आणि ओल्याने कापा!"

क्षणभर वाटलं, उठतील. तेवढ्यात हुआंग आला. त्याने एकाला मोटरसायकलवरून बाजारात पिटाळलं आणि रक्ताच्या वड्यांनी भरलेली बादली आली. मालकाने स्वतः बाह्या सारून पातेलं ढवळलं. "या रे, या! वहिनींचं मनावर घेऊ नका. नवऱ्याच्या दुखण्याने डोकं फिरलंय त्यांचं."

रांग लागली. गुओ पहिला.

"पी गुओ, पी!" ती किंचाळली. "तियानफूही असाच मिटक्या मारत प्यायला होता!"

गुओने ओठ पुसले आणि मान खाली घालून आत गेला. एकेक करून सगळे गेले. मग झीयुआनची पाळी आली. मालकाने त्याची वाटी काठोकाठ भरली. त्याच्यावर मात्र तिला ओरडता येईना.

"रोज रात्री तुझ्या सासऱ्याच्या पाठीला रजया तूच लावतोस ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुझ्यापेक्षा किती जास्त वाट्या प्यायलाय तो."

 झीयुआनने वाटी जमिनीवर ठेवली, कोपऱ्यातला पाइप ओढला आणि आपल्या दगडावर पाणी सोडून पातं चालवलं. रेघ पुसली. पांढरा चिखल त्याच्या पोटरीपर्यंत उडाला. बाकीचे ओरडले, "साबण देऊ का रे?" आणि पातं पुढच्या वळणावर येताच सिंहाचा कान तुटून खाली पडला.

"देवळाचा सिंह आहे तो!" हुआंग गरजला. "चालते व्हा दोघंही! उद्या तोंड दाखवू नका!"

जावई चिखलाने माखलेला बाहेर आला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. पाठीमागे पाती पुन्हा घरघरू लागली, धुळीचा लोट दारातून बाहेर आला आणि त्यात गुओ दिसेनासा झाला.

"मरा मेल्यांनो!" ती जीव खाऊन ओरडली. आणि मग भर रस्त्यात तिला रडू फुटलं, कारण ते खरोखरच मरणार होते.