मामांनी दिलेली दहा वर्षं

पिशवीवरून माणूस ओळखणारे जगात पुष्कळ असतील, पण समोरचा माणूस विसरून फक्त त्याची पिशवी लक्षात ठेवणारे गृहस्थ मी एकच पाहिले. ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लातूरला गंजगोलाईजवळ त्यांचं बॅगांचं दुकान होतं. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ते मला बघायला नांदेडला आले. परत गेल्यावर मुलगा कसा आहे असं घरच्यांनी विचारलं, तर म्हणाले, "ब्रीफकेस रेक्झिनची हाय, पण जपून वापरलीय. पोरगी द्यायला हरकत न्हाई." लग्नाच्या दिवशी त्यांनी नवरदेव म्हणून माझ्या धाकट्या भावाला मिठी मारली.

बॅग हातात आली की मामा तिला बाहेरून बघतच नसत. आधी तोंड उघडून आत नाक खुपसायचे. मग अस्तर उलटं काढून नखाने टाके मोजायचे. डोळे मिटून चेन कानाशी धरायची, पाच-सहा वेळा मागेपुढे करायची आणि म्हणायचं, "चेन बोलते, आपण ऐकावं." शेवटी बॅगेत पाच किलो तुरीची डाळ भरून ती खुंटीला टांगायची आणि सगळ्यांनी जेवून घ्यायचं. हात धुऊन येईपर्यंत पट्टा जागचा हलला नसेल तर बॅग पास. माझ्या मेहुणीची पुण्याहून आणलेली नाजूक पर्स या परीक्षेत कामी आली. ती रडत होती, आणि मामा फरशीवरची डाळ गोळा करत तिची समजूत घालत होते, "बरं झालं, घरात तुटली."

हे वेड कुठून लागलं असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या आतलं इष्टलिंग चाचपलं. "आपण देव गळ्यात घालून हिंडणारी माणसं, जावईबापू. दोरा तुटला की देव खाली. मग टाके बघायची सवय लागंल का न्हाई?"

निकाल ते वर्षांत द्यायचे. दोन वर्षं, पाच वर्षं, फार तर सात. त्यात भीडभाड नाही. उदगीरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या आईला नमस्कार केला आणि तिच्या पर्सकडे बघत सांगितलं, "ताई, वरातीपर्यंत जपा." बाईंना राग आला. वरातीच्या आधीच कडी निसटली आणि मांडवभर सुपाऱ्या झाल्या. तेव्हापासून लोक मामांपुढे बॅगा पाठीमागे लपवून उभे राहू लागले.

अशा माणसापुढे माझी पाळी आली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी हैदराबादहून बायकोसाठी इटलीच्या एका मोठ्या कंपनीची बॅग आणली. दुकान गल्लीच्या आतल्या गल्लीत होतं, किंमत फारच कमी होती, आणि हे दोन्ही मी घरी सांगितलं नव्हतं. शोरूममधून आणली असं सांगून मी आळीभर मिरवलो होतो. महिन्याभराने मामा नांदेडला आले. चहा झाल्यावर बायकोने बॅग त्यांच्यापुढे ठेवली. "बघा मामा, ह्यांनी आणलीय."

मामांनी नाक खुपसलं. अस्तर उलटलं. त्यांचं बोट तळाच्या एका कोपऱ्यात थांबलं आणि चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षांत त्यांनी माझा चेहरा नीट बघितला तो त्या दिवशी.

"दहा वर्षं," मामा म्हणाले. "लई चांगली हाय. पट्टा तेवढा कडक हाय, पमे. मी नेतो, मऊ करून देतो."

डाळीचं त्यांनी नावही काढलं नाही. आठ दिवसांनी मी लातूरला बॅग आणायला गेलो. पट्टे मेणाच्या दोऱ्याने पुन्हा शिवलेले, चेन नवी, अस्तर नवं. इटलीचा म्हणावा असा त्यात फक्त बिल्ला उरला होता. मी त्यांचे हात धरले. "मामा, माझ्यासाठी खोटं बोललात."

"खोटं कुठं? दहा म्हणलं, आता दहा करून दिली," ते म्हणाले आणि दुसऱ्या कुणाच्या बॅगेत नाक घातलं.

बायकोपासून लपवलेलं हे गुपित आम्ही दोघांनी पुढे कितीतरी वर्षं जपलं. लग्नकार्यात तिच्या खांद्यावर ती बॅग दिसली की मामा लांबून मला डोळा मारायचे, आणि मला उगीच बरं वाटायचं.

मामा या श्रावणात गेले. त्यांना समाधी देऊन आम्ही संध्याकाळी नांदेडला परतलो. बायको ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती, पट्ट्यावरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत होती. म्हणाली, "तुम्ही आणलीत त्याच दिवशी कळलं होतं मला. मामाची भाची आहे मी. तुम्ही एवढ्या हौसेने आणलेली, म्हणून मीच मामांना फोन केला. म्हटलं, ह्यांच्यापुढं काही बोलू नका."

म्हणजे लपवलं होतं ते माझ्यापासून. मी हात धरून आभार मानले, तेव्हाही या माणसाने अवाक्षर काढलं नाही. मला हसू आलं, रागही आला. सकाळच्या पहिल्या गाडीने लातूर गाठून मामांशी चांगलं कडकडून भांडावं म्हणून मी गाडीची वेळ विचारायला तोंड उघडलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण आत्ताच तिथून आलो आहोत.