भाड्याचे कॉम्प्युटर

"सगळे विका," असं म्हणत रणपिसे साहेब खुर्चीत बसले.

बुधवार पेठेत, कॉम्प्युटरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं सब-ब्रोकरचं ऑफिस होतं. सब-ब्रोकर म्हणजे मोठा ब्रोकर आणि गिऱ्हाईक यांच्या मधला माणूस. ते होते देशमाने सर. मी त्यांची डीलर, म्हणजे लोकांच्या ऑर्डरी स्क्रीनवर टाकणारी. तेव्हा नावापुढे 'इन्फोटेक' लावलं की शेअरचा भाव चढायचा. कालपर्यंत खाद्यतेल विकणाऱ्या कंपन्याही सॉफ्टवेअरवाल्या झाल्या होत्या.

रणपिसे साहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. नोकरीभर पगारातून वाचवून त्यांनी साबणाच्या, औषधांच्या, सिमेंटच्या जुन्या कंपन्यांचे शेअर घेतले होते. अशांना आम्ही ब्लू चिप म्हणतो. भाव सावकाश वाढतो, डिव्हिडंड वेळेवर येतो, आणि सांगण्यासारखं काही घडत नाही. ही सगळी पुंजी मुलीच्या, प्रज्ञाच्या, अमेरिकेतल्या एम. एस.साठी होती. ॲडमिशन झाली होती. फी भरायची होती.

विकून काय घ्यायचं, असं विचारल्यावर त्यांनी एका इन्फोटेकचं नाव घेतलं. वारज्याला त्यांच्या सोसायटीत काही जणांनी त्यात पैसे केले होते. मी म्हटलं, निदान निम्मे तरी ठेवा.

"मॅडम, मी ऐकीव गोष्टींवर चालत नाही. शनिवारी त्यांनी शेअरहोल्डरांना बोलावलं होतं. सोसायटीतल्यांबरोबर मी स्वतः जाऊन ऑफिस बघून आलो. एसी काय, ओळीनं कॉम्प्युटर काय, पोरं टाय लावून बसलेली."

शनिवार म्हटल्यावर मला आठवलं. त्या सकाळी खालच्या दुकानासमोर टेम्पो लागला होता. मॉनिटर चढवत होते आणि आमचा जिना अडला होता. मी साहेबांना थांबायला सांगून खाली गेले. ते कॉम्प्युटर कुणाला दिले होते, हे दुकानदाराला विचारलं. त्यानं त्याच कंपनीचं नाव सांगितलं.

"दोन दिवस भाड्यानं नेले. टायवाली पोरंही मागत होते. म्हटलं, तो माल आम्ही ठेवत नाही."

वर येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "भाड्यानं घेतले म्हणजे भांडवल अडकवलं नाही. मॅनेजमेंट हुशार आहे."

देशमाने सर केबिनमधून बाहेर आले. जुने विकताना एक दलाली आणि नवे घेताना दुसरी, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"मॅडम, साहेब इंजिनिअर आहेत," ते म्हणाले. "आपण ऑर्डर टाका."

मी टाकली.

काही आठवडे भाव रोज चढला. साहेबांनी ऑफिसला पेढे वाटले. मला देताना म्हणाले, "तुमचं ऐकलं असतं तर हे मिळाले नसते." फीची तारीख जवळ आली तेव्हा मी विकायला सुचवलं. ते म्हणाले, "कोंबडी अंडी घालतेय आणि तुम्ही सुरी शोधताय." त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं ठरवलं.

त्याआधीच लोअर सर्किट लागलं. शेअर एका दिवसात किती पडू शकतो याला मर्यादा असते. भाव तिथे पोचला आणि घेणारा कुणी नसला की विकणारे नुसते रांगेत उभे राहतात. रोज बाजार उघडताच मी त्यांची ऑर्डर टाकायचे. रोज ती तशीच पडून राहायची.

"विका हो."

"विकतेय. घेणारा नाही."

"मग स्क्रीनवर भाव कशाला दाखवतात?"

पुढे एक्स्चेंजनं त्या शेअरचे व्यवहारच थांबवले. "मॅडमनी मला ठामपणे बजावलं नाही," असं साहेब देशमाने सरांना म्हणाले. सरांनी मान डोलावली.

खातं बंद करायला ते आले, तेव्हा प्रज्ञा सोबत होती. तिनं इथेच एका कॉल सेंटरमध्ये नोकरी धरली होती. साहेब केबिनमध्ये गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"कॉम्प्युटर भाड्याचे आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. साहेबांना सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलं? जायचं मला होतं."

व्यवहाराची माहिती फक्त खातेदाराला द्यायची असते, असं मी सांगितलं. तो नियम बरोबर आहे. मी तो आजही पाळते. पैसा कुणासाठी साठवलाय, हे खातं उघडताना आम्ही विचारत नाही. नॉमिनीचं नाव तेवढं लिहून घेतो, पण त्याला खातेदार मेल्याशिवाय काही विचारता येत नाही.