नऊ दारं आणि माझी लांबी

बंगल्याची नऊच्या नऊ दारं मी एका दिवसात उतरवली आणि कुठलं दार कुठल्या चौकटीचं, ते लिहून ठेवलं नाही.

जुन्नरजवळचा तो सरकारी बंगला गोऱ्या साहेबाच्या राणीच्या काळातला. कुणीतरी त्याच्या सागवानी दारांवर हिरव्या ऑइलपेंटचे चार हात मारले होते, पितळी मुठींनासुद्धा सोडलं नव्हतं. मोठ्या साहेबांचा हुकूम आला : रंग काढा, लाकूड आणि पितळ पूर्वीसारखं दिसू द्या, सोमवारी मुक्कामाला येतो. मी हंगामी ओव्हरसियर. दोनदा मुदत वाढून मिळालेली, तिसऱ्यांदा एकतर कायम नाहीतर घरी. कायम होणारच, या गुर्मीत बायकोला निमगाव सावाहून आणून बिऱ्हाडही थाटलं होतं.

कामावर जुन्नरचे एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. पुतणीच्या लग्नाला राजुरीला जाताना त्यांनी बजावलं, "भाऊ, म्या येईस्तोवर दारांना हात लावू नका."

मी लावला. साहेबांना माझा झपाटा दिसायला हवा होता ना!

रंग सोड्याच्या पाण्यानं सुटला. बिजागऱ्या आणि मुठी एकाच घंगाळात चिंचेत भिजत टाकल्या. अशा लखलखल्या की मी स्वतःवर खूश. रंगाखालून दारांच्या कडेला आणि चौकटींवर बारीक खाचा निघाल्या. कुठे दोन, कुठे पाच. जुन्या सुताराचा हात कापत असणार, म्हटलं. एकेक खाच स्वतः लांबीनं, म्हणजे रंगाऱ्याच्या पुटीनं, बुजवली, वर बोट फिरवून साफ केली. तिथं काही होतं असं कुणाला वाटलंही नसतं.

रविवारी सकाळी दारं लावायला घेतली. पहिलं चौकटीत शिरेना. दुसरं शिरलं, पण खालून मांजर जाईल एवढी फट. स्क्रूची भोकं कुठंच जुळेनात. दोघे गडी दारं उचलून या खोलीतून त्या खोलीत फिरत होते, मी पुढे वरातीतल्या वाजंत्र्यासारखा. दुपारपर्यंत नऊपैकी एक दार लागलं, तेही उघडेना. नोकरी गेल्याचं बायकोला कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मनात जुळवू लागलो. तेही दारांसारखंच जुळेना. शेवटी चाचांच्या पेटीतला रंधा काढला. दार बसत नाही तर तासायचं, दुसरं काय?

"ठेव तो रंधा खाली!"

दारात चाचा. अंगावर लग्नातलं अत्तर. रागात मला अरे-तुरे झालं, ते त्यांच्याही ध्यानात आलं नसावं. त्यांनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग चौकटीवरून.

"खाचा कुठं गेल्या?"

"बुजवल्या."

"कुणी?"

"मीच. लांबीनं. छान बसलीय."

चाचा फरशीवर बसले. "आरं, त्यो जोडणीचा आकडा व्हता! दाराला पाच, तर चौकटीला पाच. घर बांधणाऱ्यानं लिवून ठिवलं, अन् तुमी पुसलं?"

लांबी अजून पुरती वाळली नव्हती, एवढंच माझं नशीब. चाचांनी हातात दाभण दिलं. दिवेलागणीपर्यंत मी आधी दारांपाशी, मग चौकटींसमोर गुडघे टेकून माझीच कारागिरी कोरून काढत होतो. चौकटीच्या खाचा निघाल्या की मोठ्यानं मोजायचो, पलीकडून चाचा तेवढ्याच खाचांचं दार शोधायचे. पाचाचं दार पाचाच्या चौकटीत गेलं तेव्हा एका बोटानं मिटलं. मला रडूच आलं.

सोमवारी साहेबांनी नऊही दारं उघडून मिटून पाहिली. एका खाचेत राहिलेली पांढरी लांबी नखानं खरवडली आणि मान न वळवता चाचांना विचारलं, "मिस्त्री, या ओव्हरसियरला कायम करावं का?"

चाचांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"करा की साहेब. पर कचेरीत बसवा. लाकडापाशी नको."