डाग नसलेले चित्र

पंचेचाळिशीत महाविद्यालयातली नोकरी सोडून मी मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास सुरू केला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला भास होतात तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते, हे आमचा गट एमआरआय यंत्राने पाहतो. माझ्या चुलत भावाला हाच आजार आहे. मुळशीतल्या आमच्या गावी, आसपास कुणी नसताना त्याला शिव्या ऐकू येतात. कामावर तो टिकत नाही. त्याचे वडील, म्हणजे माझे काका, त्याला सोंगाड्या म्हणतात. अभ्यासात भाग घ्यायला तो आपणहून आला. "फोटोत दिसलं, की बापाला पटंल," म्हणाला.

यंत्राजवळ धातू चालत नाही. देवऋष्याने दिलेला तांब्याचा ताईत काकांनी भावाच्या दंडावरून सोडला आणि भाऊ यंत्रातून बाहेर येईपर्यंत मुठीत धरून बसले.

सहभागी झालेल्याला आम्ही त्याच्या मेंदूचे एक चित्र आठवण म्हणून देतो. काकांनी ते खिडकीच्या उजेडात धरले.

"ह्यात खराब काय हाय?"

मी समजावले, की फरक दिसतो तो अनेकांची चित्रे एकत्र ताडून पाहिल्यावर. एकट्याच्या चित्रावरून आजार आहे की नाही, हे ठरत नाही. काकांसमोर माझा आवाज नेहमीसारखा खाली गेला होता, म्हणून पुन्हा समजावले.

"त्ये ऱ्हाऊ दे. डाग हाय का न्हाई, यवढं सांग."

"डाग नाही, काका. पण त्याचा अर्थ..."

"ताईत काढला तरी काय झालं न्हाई, म्हंजी बाहेरचं न्हाई. फोटो साफ हाय, म्हंजी आतलं बी न्हाई. मग ऱ्हायलं काय? आळस! सोमवारपासनं पिरंगुटला कंपनीत जायाचं. गोळ्या बंद."

ताईत त्यांनी खिशात टाकला. आजवर थोडा तरी दोष बाहेरच्या बाधेकडे जात असे. आता तोही आडोसा उरला नाही. ते गाडी काढायला गेले, तसा भाऊ माझ्याकडे सरकला.

"ताई, पेन हाय ना तुझ्याकडं? येक बारका डाग काढ की. तू काढलास तर खरा वाटंल."

पेन माझ्या हातातच होते. मी नकारार्थी मान हलवली.

"मग ठिव तुलाच," म्हणून त्याने चित्र माझ्यापुढे ठेवले.

नंतर त्याच्या डॉक्टरांनीही काकांना फोन केला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. चित्र माझ्या टेबलावर आहे. सुरेख आले आहे. यंत्रात असताना, भासातला आवाज ऐकू आला की हातातले बटण दाबायचे, असे आम्ही त्याला सांगितले होते. तो ते सारखे दाबत होता.