ताप की घाबरणं

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. हिर्डोशी, धाकट्या बहिणीचं घर. हजर: बहीण, तिच्या सासूबाई, तिची सात वर्षांची मुलगी आणि वरव्याहून आलेली मी. दाजी भाताच्या खाचरात.

बहिणीला चार वर्षांपासून भीतीचे झटके यायचे. छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता मरणार असं वाटायचं. त्याच काळात दुखणीही मागे लागली. सर्दी हटेना, तोंड येई, एकदा नागीण उठली. भोरच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. झटका आला की चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. अर्ध्या तासात उतरतो. आणि अशा माणसांची प्रतिकारशक्तीही कधी कधी बदललेली दिसते. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही, पण ताप अंगावर काढू नका. पहिली गोष्ट मी ठळक अक्षरांत लिहून तिच्या भिंतीला चिकटवली. दुसरी वहीत राहिली.

त्या सकाळी तिला धाप लागली. दोन दिवस खोकला होता, अंगही कोमट होतं.

"आक्का, आज येगळंच वाटतंय गं."

"दर वेळी हेच म्हणतेस. मोज."

"मेले तर तुझ्या वहीत लिव्ह, टायमासकट."

सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "न्हाई मरत तू. आमाला पोचवूनच जाशील."

बहीण हसली, मग खोकतच राहिली. भोरला जाणारी दहाची एसटी हॉर्न देत गेली. मी जाऊ दिली. तिला धरून आकडे मोजत बसले. अर्धा तास झाला, मग आणखी एक. दुपारी तिची नखं निळी दिसली, तेव्हा दाजींना हाक मारली. त्यांनी टेम्पो आणला. भोरला डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मान हलवली. न्यूमोनिया. शनिवारी ती गेली.

गावात म्हणाले, "घाबरून गेली बिचारी." मी कुणाचं बोलणं खोडलं नाही. खोडलं असतं, तर एसटीचं सांगावं लागलं असतं.

मुलगी आता आठवीत आहे. सुट्टीला माझ्याकडे येते. परवा भांडी विसळताना म्हणाली, "मावशी, माझ्याबी छातीत धडधडतं. आईसारखी मीबी घाबरून मरणार का?"

"काहीतरीच," मी म्हटलं. "ताटं पुसून घे."

तिला समोर बसवून सांगायचं आहे: तुझी आई घाबरून गेली नाही. तिला ताप होता, आणि मी आकडे मोजत होते. आज सकाळीही यादीत पहिलं तेच लिहिलंय. पिठाची गिरणी झाली, बँक झाली, ते राहिलंय.